बहिरीमायला ऐकू गेलं

माझा देव माझ्या तोंडात कधी नव्हता. मनात होता, आणि तिथे तो बरा होता असं मला वाटायचं. रोज सकाळी देवघरासमोर बसायचे, दिवा लावायचे, हात जोडायचे. पण ओठसुद्धा हलायचे नाहीत. आमच्या गल्लीत एकदोघी अशा आहेत की वांग्याची भाजी जमली तरी ‘त्याचीच कृपा’ आणि करपली तरी ‘त्याचीच इच्छा’. त्यांना मी फार हसले आहे. भाजी करपली तर गॅस मोठा होता म्हणा ना, देवाला कशाला मध्ये ओढता, असं मी तोंडावर म्हणत असे. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. पण स्वतःच्या भक्तीबद्दल मात्र एक अक्षर नाही. ती पदराआडची गोष्ट, चारचौघांत काढून दाखवायची नसते, अशी माझी पक्की समजूत होती. आणि आज मीच हे सगळं तुम्हाला सांगत बसले आहे.

आम्ही पवनीचे. घरी हातमाग आहे, सासऱ्यांच्या आधीपासूनचा. नवरा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणतो, मी कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळून देते. आमच्या धंद्यात बाकी सगळी कामं घरातल्या घरात होतात, एक पाजणी तेवढी होत नाही. पाजणी म्हणजे ताण्याला खळ लावणं. ताण्याचे उभे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचे आणि कुंच्याने खळ लावत जायचं, ऊन चढायच्या आत. दोन हातांचं हे काम नव्हेच. ज्याची पाजणी असेल तो दारात येऊन हाक मारतो आणि गल्ली बाहेर येते. भांडलेले असले तरी येतात. अबोला धरून कुंचा फिरवतात, पण येतात. हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी. लहानपणापासून तिचे हातपाय दुखायचे. वाढीचं दुखणं असेल म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. ती बारावीत असताना एकदा दुखणं असं उठलं की दवाखान्यात न्यावं लागलं, आणि रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, सिकलसेल आहे. आमच्याकडे नुसतं ‘सिकल’ म्हणतात. रक्तातून पिढ्यान्पिढ्या उतरणारा हा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे, आणि जवळजवळ तितक्याच घरांत तो झाकलेला आहे. का झाकतात ते सांगायला नको. घरात लग्नाची मुलगी असली की माणसं पुष्कळ गोष्टी झाकतात. त्या दिवशी बसमधून परत येताना नवऱ्याने मला एवढंच म्हटलं, “कोणाले सांगू नको.” मी म्हटलं, “मी कायले सांगू?” झालं. त्यानंतर आमच्या घरात तो शब्दच निघाला नाही. कोणी विचारलं तर पोरीची तब्येत नाजूक आहे.

पण दुखण्याला कुठे माहीत की ते झाकायचं आहे? थंडी पडली, दगदग झाली, पाणी कमी प्यायलं गेलं की ते उठायचं. मग अश्विनी उशीत तोंड खुपसून रडायची. उशीने भागलं नाही की ओरडायची. अशा वेळी नवरा उठायचा आणि मागावर जाऊन बसायचा. धोटा जोरजोरात फेकायचा. खटखट, खटखट. त्या आवाजात पोरीचं रडणं गल्लीत जायचं नाही. लोक म्हणायचे, काय मेहनती माणूस आहे, दुपारीसुद्धा पाठ टेकत नाही. मी तिचे पाय दाबत बसायचे, आणि देवाशी बोलायचे ते मनातल्या मनात. त्यातही मी ‘सिकल’ म्हणत नव्हते, ‘हे सगळं’ म्हणायचे. देवा, हे सगळं बरं कर. आता आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात. मी देवापासूनसुद्धा नाव लपवत होते.

अश्विनी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. धानाची कापणी सुरू झाली होती, सकाळचा गारवा पडायला लागला होता. अश्विनीला ताप आला आणि पाठोपाठ दुखणं. या वेळी ते नेहमीसारखं ओसरेना. ती पांढरीफटक पडली, दोन शब्द बोलली तरी धाप लागायची. भंडाऱ्याला नेऊन भरती केलं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार उतरलंय, लवकर चढवावं लागेल. आणि मग कळलं की तिचा गट ओ निगेटिव्ह. माझा जुळेना, नवऱ्याचा जुळेना. रक्तपेढीत त्या दिवशी तो गट शिल्लक नव्हता. त्यांनी नागपूरला विचारणा केली आणि आम्हाला सांगितलं, तुम्हीपण नात्यागोत्यात पाहा, वेळ घालवू नका.

नवऱ्याने व्हरांड्यात उभं राहून फोन लावायला सुरुवात केली. मी बाजूलाच होते. तो प्रत्येकाला म्हणत होता, “ओ निगेटिव्ह कोणाचं आहे काय? एका ओळखीच्यासाठी पाहिजे.” ओळखीच्यासाठी! पलीकडून उत्तर यायचं, पाहतो, विचारतो, संध्याकाळी सांगतो. ओळखीच्या माणसासाठी कोण घाईने धावणार? मला ते ऐकू येत होतं, कळत होतं, तरी मी त्याच्या हातातून फोन घेतला नाही. पोरगी आत धापा टाकत होती आणि आम्ही दोघं बाहेर तिचं येऊ घातलेलं स्थळ सांभाळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे आणि चादरी आणायला पवनीला आले. घरी सासूबाई. त्या ऐंशीकडे झुकलेल्या, पण डोकं लख्ख. मी पिशवी भरत होते तेव्हा त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बहिरीमायले बोलली काय?”

बहिरीमाय म्हणजे आमच्या नदीकाठची देवी. मोठ्या देवळांच्या घाटापासून बाजूला, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरांकडे उतरताना उंबराखाली शेंदूर लावलेली एक शिळा आहे, तिला चांदीचे डोळे बसवलेले. तिला कमी ऐकू येतं असं म्हणतात. तिच्यासमोरच वैनगंगेचं पाणी खडकांवर आदळायचं आणि त्याचा घोष रात्रंदिवस कानात बसून बसून देवी बहिरी झाली, अशी जुन्या माणसांची समजूत. वर धरण झाल्यापासून दरवाजे उघडले तरच तसा आवाज होतो, एरवी पाणी गुपचूप असतं. तरी देवीचा बहिरेपणा काही गेला नाही. तिला नवस बोलायचा तर खणखणीत आवाजात बोलावा लागतो. आणि मोघम चालत नाही. कोणाची कोण, राहणार कुठली, काय झालंय, काय पाहिजे, काय देणार, सगळं सांगायचं. माझं माहेरही पवनीचंच, त्यामुळे लहानपणापासून मी मंगळवारी तिथे बायका ओरडताना ऐकल्या आहेत, आणि पाहुण्यांना त्यांच्या नकलासुद्धा करून दाखवल्या आहेत. कोणाची म्हैस आटली, कोणाचा नवरा पितो, सगळा काठ ऐकतो. मला ते गावंढळ वाटायचं.

मी म्हटलं, “आई, मी मागितलं आहे देवाला. मनात.”

“मनातल्या मनात का होते?” सासूबाई म्हणाल्या. “नवस बोलतात, सूनबाई. म्हणून त त्याले नवस बोलणं म्हणतात. मनात धरला तो का नवस झाला?”

मला राग आला. पोरगी तिकडे तशी पडलेली आणि ह्यांना शब्दांचं पडलंय. पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायला नको, बसला अजून वेळ होता, म्हणून मी तणतणत घराबाहेर पडले आणि नदीकडे उतरले. खरं सांगायचं तर भक्तीने नव्हे, चिडून गेले.

मंगळवार नव्हता, त्यामुळे देवीसमोर कोणी नव्हतं. खाली पाण्याजवळ एक बाई देवीकडे पाठ करून जाळ्यातला कचरा काढत बसली होती. ती पुरेशी लांब आहे असं मला वाटलं. मी हात जोडले आणि सवयीप्रमाणे मनातल्या मनात सुरू केलं. मग सासूबाईंचं आठवलं, म्हणून पुटपुटले. माझंच मला धड ऐकू आलं नसेल.

इतक्यात ती बाई मान न वळवता म्हणाली, “ओ बाई, मोठ्यानं बोला ना. तिले कमी आयकू येते.”

माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. मी ओरडले. त्या बाईवर ओरडायचं होतं, पण तोंड देवीकडे होतं. मी म्हटलं, ऐक, तुला मोठ्यानं पाहिजे ना, मग ऐक. माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव घेतलं, गल्ली सांगितली. म्हटलं, माझ्या मुलीला सिकल आहे. माझ्या पोटच्या पोरीला सिकल आहे, लहानपणापासून आहे, ती रडते तेव्हा आम्ही माग चालवतो. ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडली आहे, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. तिला ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे, ओ निगेटिव्ह, दुसरं चालत नाही, ते कुठेच मिळत नाही. मी रोज देवघरापुढे मनात रडते ते तुला ऐकू येत नसेल तर तू देवी कसली? तिला वाचव. आमच्या मागावरची करवतकाठी साडी तुला नेसवीन. वाचव तिला.

बोलता बोलता मी खाली बसले होते. घसा फाटला होता. ‘सिकल’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला होता, आणि तो त्या पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. मला वाटलं होतं की आता लाज वाटेल. ती वाटली नाही. पुष्कळ दिवस आवळून धरलेली मूठ उघडल्यावर बोटं दुखतात ना, तसं काहीतरी झालं.

मी डोळे पुसून पाहिलं तर ती बाई समोर उभी होती. साडीचा ओचा भिजलेला, हातात जाळं तसंच. चाळिशीतली, काळीसावळी, दणकट. ती म्हणाली, “कोनतं रगत म्हनलं तुमी?”

“ओ निगेटिव्ह.”

“माहं निगेटिव्ह हाये,” ती म्हणाली. “माह्या दोन्ही पोरायच्या जचकीच्या टायमाले डॉक्टरीनबाईनं सांगतलं, हिचं निगेटिव्ह हाये, महागाचं इंजेक्शन द्या लागते. तेव्हापासून मले मालूम. पन त्याच्या पुढचं कोनतं, ते काई ध्यानात नाही. ओ का कोनतं, ते मशीनलेच इचारा लागन.”

तिने जाळं उंबराच्या फांदीला अडकवलं आणि पदराला हात पुसले. “चाला ना मंग,” ती म्हणाली. “मी येतो तुमच्यासंग. पाहून का राहिल्या?”

तिचं नाव शेवंता. नवरा आणि ती दोघं मासेमारी करतात, बाजाराच्या दिवशी मासोळी विकायला ती गावात बसते. तिच्या समोरून मी कितीदा गेले असेन, पण कधी बोलले नव्हते. पिशवी घ्यायला आम्ही आधी माझ्या घरी आलो. आणि इथे एक गोष्ट घडली जी मला अजिबात नको होती. शेवंताला हळू बोलता येत नाही. नदीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारत वाढलेलं माणूस ते. समोरच्या काकूंनी दारातून सहज विचारलं, “कोण हो ही?” तर माझ्या आधी हीच बोलली, “यायच्या पोरीले सिकल हाये ना, तिले रगत द्याले चाललो.” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

काकू पायरी उतरून आल्या. मला वाटलं, आता त्या हळहळतील, मान हलवतील, आणि दुपारपर्यंत चार घरी जातील. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, डोळे मोठे केले आणि चक्क रागावल्या. म्हणाल्या, “पाजणीले हाक मारता, अन् पोरीसाठी हाक नाही मारत काय?”

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी मला बाजूला केलं, म्हणाल्या, रडायला नंतर वेळ आहे, तुम्ही निघा, आम्ही मागून येतो.

बसमध्ये शेवंता खिडकीशी बसली. माझं मन पुन्हा जुन्या खोडीवर आलं. निगेटिव्ह तर आहे, पण ओ नसलं तर? ए निघालं तर? एवढं बोंबलून गल्लीभर झालं, आणि हाती काहीच लागलं नाही तर? मी तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, नीट आठवून पाहा, कागद असेल कुठे, डॉक्टरीणबाई काय म्हणाली होती. ती शेवटी कंटाळली. म्हणाली, “बाई, तुमी बोलल्या, तिनं आयकलं, मी उठून आलो. आता का करता? आमी जाळं टाकतो अन् काठावर येऊन बसतो. पान्यात डोकं खुपसून पाहत नाही का लागली का लागली म्हनून. मासोळी लागली त लागली.”

अड्याळला बस थांबली तेव्हा मला आठवलं की रिकाम्या पोटी रक्त घेत नाहीत. मी तिला विचारलं, उपास तर नाही ना? ती हसत सुटली. मासोळी विकणाऱ्या बाईले कायचा उपास म्हणाली, आणि खाली उतरून उभ्या उभ्या आलूपोहा खाऊन आली, माझ्यासाठीही एक पुडा घेऊन. मी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. खरं तर मीच तिला खाऊ घालायचं, तर ती मला घालत होती. पोहे गरम होते. ते खाताना मी देवाशी काही बोलले नाही, मोठ्यानेही नाही आणि मनातही नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे पडले होते, त्यांच्याकडे पाहत राहिले. मन इतकं शांत मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं, आणि अजून तर काहीच झालेलं नव्हतं.

दवाखान्यात त्यांनी शेवंताचं रक्त तपासायला घेतलं. आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने आतून तपासणारा बाहेर आला आणि म्हणाला, “ओ निगेटिव्हच आहे. तब्येतही चांगली आहे बाईंची.” बाकीच्या तपासण्या व्हायला आणखी वेळ लागला, पण त्या वाक्यानंतरचं माझ्या फारसं लक्षात नाही. एवढं आठवतं की शेवंता खाटेवर आडवी झाली, हातात दाबायला चेंडू दिला, आणि ती मला म्हणाली, “माह्या रगताले मासोळीचा वास येईन बरं. पोरगी माळकरी त नाही ना तुमची?” नर्सबाई हसली. मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या दुपारी अश्विनीला रक्त चढलं. थेंब थेंब उतरत होता आणि मी तिच्या ओठांकडे पाहत होते. संध्याकाळी तिची धाप कमी झाली. तिने पाणी मागितलं, आणि मग विचारलं, “आई, तुझा आवाज काहून बसला?”

नवऱ्याला मी व्हरांड्यात सगळं सांगितलं. गल्लीला कळलं आहे हेही. तोवर समोरच्या काकू, त्यांचे यजमान आणि आणखी दोघंतिघं आलेच होते. त्यांचा गट जुळणारा नव्हता, पण रक्तपेढीला दुसऱ्या गटांचं तरी घ्या म्हणून ते ओळीत बसले होते, बाह्या वर करून, पाजणीला उभे राहतात तसे. नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, तो माझ्यावर चिडेल. पण तो हळूच म्हणाला, “म्हणजे आता पोरगी रडली त माग चालवायची गरज नाही.” आणि भिंतीकडे तोंड करून तो माणूस असा रडला की मलाच त्याला धरावं लागलं. इतकी वर्षं त्या खटखटीत त्याचंही रडणं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आजार गेलेला नाही. असा आजार जात नाही, तो सांभाळावा लागतो. अश्विनी रोज गोळ्या घेते, पाणी पिते, थंडीत जपते, वेळेवर तपासायला जाते. दुखणं अजूनही उठतं, पण तेव्हा काकू गरम पाण्याची पिशवी घेऊन येतात, आणि माग त्याच्या वेळेला चालतो. लाखांदूरकडचं एक स्थळ येणार होतं, ते आलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. अश्विनी मात्र म्हणाली, “बरं झालं. जो येईन तो रक्त तपासूनच येईन.” आणि पुस्तकात डोकं घातलं.

साडीला वेळ लागला. करवतीच्या दातांसारख्या त्या काठाचं काम सावकाशीचं, तीन धोट्यांचं. नवऱ्याने विणली, कांड्या या खेपेला मी नव्हे, अश्विनीने भरल्या. चैत्रात आम्ही ती घेऊन बहिरीमायकडे निघालो. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की नवस फेडतानाही मोठ्याने बोलावं लागतं. नाहीतर देवीला कळायचं कसं की फिटला? त्या मंगळवारी काठावर गर्दी होती. आमची गल्ली होती, ढिवरांच्या घरच्या बायका होत्या, ओळखीची-अनोळखी पुष्कळ माणसं. मन भरून आलं की ओरडणं सोपं असतं, पण शांत मनाने चारचौघांत बोलणं फार अवघड जातं. मी घुटमळले. म्हटलं, “आमच्या मुलीची तब्येत...”

मागून अश्विनी म्हणाली, “सिकल म्हण, आई. तब्येत नाजूक नको म्हणू.”

मग मी म्हटलं. सगळं, मोघम न ठेवता. मुलीचं नाव, आजाराचं नाव, आम्ही कसं झाकलं ते, शेवंता कशी आली ते. देवाने हे केलं असं मी म्हणतेय, हे ऐकून आमच्या गल्लीतल्या ‘त्याचीच कृपा’वाल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. हसू दे. माझं तेवढं देणं होतंच. देवीला साडी नेसवली. कोशाचा तो मूळचा पिवळसर रंग शेंदरावर इतका शोभला की शेवंता गर्दीतून ओरडली, “आता त दिसते बी मस्त, माय!” तिला मी काही देऊ केलं तर तिने घेतलं नाही. आमच्या पाजणीला मात्र ती आता येते. खळ लावता येत नाही, पण आवाज पुष्कळ करते.

त्या दिवशी परतताना एक बाई माझ्या पदराला हात लावून चालत होती. ओळखीची नव्हती. इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, तिच्या घरीही एक आहे, भावाची मुलगी, सात-आठ वर्षांची. मी तिला डॉक्टर सांगितले, पाण्याचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला सांगितलं ते कोणाला बोलणार नाही ना? मी म्हटलं, मी नाही बोलणार, ते तू बोलायचंस, तुझ्या तोंडाने, तुला जमेल तेव्हा.

चमत्कार झाला की योगायोग, हे मला कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. त्या बाईचं जाळं त्या दिवशी तिथेच का होतं, तिचं रक्त तेच का निघालं, हे मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची घाईही नाही. मला एवढं कळलं की मी आयुष्यभर देवाला धरून होते, पण माझं दुःख काही त्याच्या हातात सोडलेलं नव्हतं. ते माझ्याच मुठीत होतं. मोकळं बोलले तेव्हा ते सुटलं. ते मनातच ठेवलं असतं तर त्याला कदाचित ऐकू गेलंच असतं, पण शेवंताला गेलं नसतं. देवाला धावून यायला पाय लागतात, आणि ते तो कोणाचे घेईल ते सांगता येत नाही. त्याचे उपकार मी आता रोज मानते, दिवा लावताना, चांगल्या मोठ्याने. भाजी करपली तर मात्र अजूनही गॅसलाच दोष देते.

मंगळवारी मी कांड्यांचं टोपलं घेऊन नदीवर जाते. देवीपुढे जास्त वेळ थांबत नाही, नमस्कार करते आणि खाली पायरीवर, पाण्याकडे तोंड करून बसते. हात चालू असतात, कान मागे असतात. परवा एक नवीन लग्न झालेली पोरगी आली. तिच्या बांगड्या वाजल्या, मग बराच वेळ काहीच आवाज नाही, मग नुसतं पुटपुटणं. मी मान वळवली नाही.

“ओ बाई,” मी म्हटलं, “मोठ्यानं बोल ना. तिले कमी आयकू येते.”